संचालकसाहेबांचं एका दिवसाचं म्हातारपण

"म्हातारपण ही अडचणच नाही मुळी! ती नियोजनातली चूक आहे, आणि चूक दुरुस्त करता येते!"

हे वाक्य संचालकसाहेबांनी इतक्या सभांमध्ये आणि इतक्या ठसक्यात म्हटलं होतं, की ऑफिसातल्या पंख्यालासुद्धा ते पाठ झालं असावं. ज्येष्ठ नागरिक सुखसोयी विभागाचे ते संचालक. वय पन्नाशीच्या जरा पुढे, मिशी टोकदार, आणि चाल अशी की फाइल घेऊन मागून येणाऱ्या शिपायाला धाप लागावी!

शहरात म्हातारी माणसं वाढत चालली होती, मंडळी. खेळण्यांच्या दुकानात काठ्या आणि चष्म्याच्या दोऱ्या मिळायला लागल्या होत्या. एका पाळणाघराने तर पाटी तीच ठेवून नुसतं गिऱ्हाईक बदललं होतं. साहजिकच सरकारला काळजी वाटू लागली. सरकारला काळजी वाटली की विभाग निघतो, विभाग निघाला की इमारत निघते, आणि इमारत निघाली की उद्घाटन आलंच! तशी ही 'आनंदसंध्या' नावाची काचेची चकचकीत इमारत उभी राहिली होती. म्हाताऱ्यांनी सकाळी यायचं, दिवसभर आनंदात राहायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. खुर्च्यांपासून नियमांपर्यंत सगळं साहेबांनी स्वतः निवडलेलं. आठवडाभर केंद्र नुसतं चालवून बघत होते. आज दुपारी मंत्री येऊन फीत कापणार होते.

आणि केंद्राचा पहिला मानाचा सभासद कोण? साहेबांनी मंत्र्यांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "माझे वडीलच!"

एक बारीकशी गोष्ट तेवढी राहून गेली होती. वडिलांना विचारायचं.

वडील म्हणजे आप्पा. ऐंशी ओलांडलेली, पण आवाज अजून भोंग्यासारखा. मुलगा वरच्या मजल्यावर राहायचा, आप्पा खाली आपल्या जुन्या खोल्यांत एकटे. रोज जेवण झालं की ते काठी उचलायचे आणि बंद पडलेल्या सिनेमा थिएटरच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे. तिथे त्यांचे दोन दोस्त. पत्त्यांचा डाव पडायचा आणि डावापेक्षा भांडणच जास्त रंगायचं. साहेबांनी त्या पायऱ्यांवर मुद्दाम पाटी ठोकून घेतली होती : 'येथे बसू नये. पडण्याचा धोका. ज्येष्ठांच्या सुखासाठी.' त्या पाटीचा उपयोग आप्पा टोपी अडकवायला करत.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी साहेब खाली उतरले.

"आप्पा, आज तरी चला. थंडगार हॉल आहे, मऊ खुर्च्या आहेत, मंद संगीत आहे!"

"भांडायला कोण आहे?"

"भांडायला? अहो, तिथे भांडणच होणार नाही! तसा नियमच केलाय मी!"

"मग मी तिथे येऊन काय करू? भिंतीला टेकून उभा राहू?" आप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "बाळ्या, तू कधी म्हातारा झालायस का?"

ऑफिसात ज्यांच्यासमोर अख्खा विभाग उभा राहायचा, त्यांना घरात 'बाळ्या' म्हणत, हेही सांगून ठेवतो.

"नाही झालो अजून. पण अभ्यास केलाय ना त्यावर!"

"अभ्यास खड्ड्यात घाल. एकदा म्हातारा होऊन बघ, आणि मग मला शहाणपण शिकवायला ये!"

"होऊन बघतो! आजच होतो! संध्याकाळपर्यंत सगळं म्हातारपण उरकून येतो की नाही बघा!"

ही नुसती फुशारकी नव्हती. साहेबांच्या कपाटात एका कंपनीने पाठवलेला 'वार्धक्य-पोशाख' पडून होता. जाड जाकिटात शिशाच्या पट्ट्या, गुडघे आणि कोपर वाकू नयेत म्हणून आवळपट्टे, बोटं बधिर करणारे हातमोजे, मान न वळू देणारा पट्टा, सगळं धूसर आणि पिवळं दिसेल असा चष्मा, कानात बोळे. घातला की तरणाबांड माणूस घटकेत नव्वदीला पोचतो! सगळे बक्कल पाठीमागे, त्यामुळे काढायला दुसरं माणूस लागतं.

साहेबांच्या डोक्यात योजना चमकली. हा पोशाख घालून बसथांब्यापासून केंद्रापर्यंत चालत जायचं. वाटेत फोटो काढून घ्यायचे. आणि ऐन समारंभात मंत्र्यांसमोर दाढी ओढून काढून म्हणायचं, "महोदय, मीच तो म्हातारा!" टाळ्यांचा कडकडाट! पहिल्या पानावर फोटो! वडील आले नाहीत ही गोष्ट त्या गजरात कोणाच्या लक्षातही येणार नाही!

बेत गुप्त ठेवायचा म्हणून त्यांनी दोघांनाच सांगितलं. एक विभागाचा फोटोग्राफर आणि दुसरा नाटक कंपनीतला मेकअपवाला. मेकअपवाल्याने पांढरा केसांचा टोप बसवला, सुरकुत्या काढल्या, आणि छातीपर्यंत रुळणारी दाढी मिश्यांसकट चिकटवली.

"साहेब, हा गोंद म्हणजे गोंद आहे! वादळात जहाज फुटेल, पण दाढी हलणार नाही!"

"मग काढायची कशी? मला तर समारंभात ओढून काढायचीय!"

"ओढू नका हं! कातडी येईल! त्याचं तेल आहे माझ्याकडे, मी वेळेवर येतो," असं म्हणून तो तेलाची बाटली घेऊन दुसऱ्या नाटकाच्या तालमीला निघून गेला.

वरून साहेबांनी आप्पांचा जुना तपकिरी कोट चढवला. खिसे फुगलेले दिसू नयेत म्हणून फोन, पाकीट, ओळखपत्र सगळं फोटोग्राफरच्या पिशवीत टाकलं. आणि निघाले!

पहिल्या शंभर पावलांतच साहेबांची चाल, ओढत नेलेलं कपाट जसं चालतं, तशी झाली. तरी त्यांचा उत्साह कायम होता. फोटोग्राफर पुढे उलटा चालत फोटो काढत होता. "वा साहेब! अजून थोडे वाका! अगदी दयनीय दिसताय!"

मग आला चौक. सिग्नलमधला हिरवा माणूस लागला. साहेबांनी एक पाय रस्त्यावर ठेवला, दुसरा उचलला, आणि तो हिरवा माणूस चोर पळावा तसा पळून गेला! साहेब रस्त्याच्या मधोमध! फोटोग्राफर उलटा चालत केव्हाच पलीकडे पोचलेला. दोघांच्या मध्ये एक लांबलचक बस येऊन उभी राहिली.

तेवढ्यात दोन दणकट, परोपकारी तरुण धावत आले. त्यांनी दोन्ही बाजूंनी साहेबांच्या बखोटीला धरलं.

"घाबरू नका आजोबा! आम्ही आहोत!"

"अरे, मला पलीकडे जायचंय!"

पण मानेचा पट्टा हनुवटीत रुतलेला, मिश्या तोंडात शिरलेल्या. बाहेर पडलं ते "अमे, ममा पमीमडे" असं काहीतरी!

"बिचारे! बोलताही येत नाही," एक तरुण हळहळला. दोघांनी साहेबांना अलगद उचललं आणि जिथून निघाले होते तिथेच परत आणून ठेवलं! वर "सांभाळून हं" म्हणून खांदा थोपटला.

नेमकी त्याच कडेला 'आनंदसंध्या'ची गाडी उभी होती. ड्रायव्हरला सक्त ताकीद होती : रस्त्यात एकटं-दुकटं म्हातारं माणूस भांबावलेलं दिसलं, तर सोडायचं नाही. ताकीद कोणाची, ते तुम्हाला कळलं असेलच.

"चला आजोबा, वर चढा."

साहेबांनी मिश्या बाजूला सारून, शब्द जुळवून सांगितलं, "मी संचालक आहे!"

"असू द्या की. आत एक जज्जसाहेब बसलेत. त्यांच्याशेजारी बसा."

साहेबांनी विचार केला, चला, बरंच झालं! जायचं तर केंद्रातच आहे, फुकटची गाडी मिळाली! ते दिमाखात जज्जसाहेबांच्या शेजारी बसले. हा त्या सकाळचा त्यांचा शेवटचा आनंदाचा क्षण.

केंद्राच्या दारात सेविका उभी होती. चेहऱ्यावर हसू असं, की इस्त्री करून बसवलंय! सगळे आत आले आणि मागे काचेचं दार 'खट्' करून आपोआप बंद झालं.

"ताई," साहेब म्हणाले, "मी या विभागाचा संचालक. माझ्या खोलीची किल्ली द्या आणि उपसंचालकांना बोलवा."

"हो का! किती छान!" सेविकेने टाळ्या वाजवल्या.

"छान काय? तो भिंतीवर फोटो दिसतोय ना, तो मीच आहे!"

सेविकेने फोटोकडे पाहिलं. काळे केस, टोकदार मिशी, हात उंचावलेला. तिने साहेबांकडे पाहिलं. "तरुणपणीचा वाटतं! किती छान!"

"अहो, तरुणपणीचा कसला? गेल्या महिन्यातला आहे!"

"हो का! किती छान!"

साहेबांच्या कपाळावर घाम फुटला. नियम त्यांनीच तर लिहिला होता : 'ज्येष्ठांशी कोणत्याही परिस्थितीत वाद घालू नये. ते जे म्हणतील त्यावर आनंदाने हो का, किती छान, असे म्हणावे.' सेविका सगळ्या ठेकेदाराकडून आलेल्या, नव्या कोऱ्या. साहेबांना प्रत्यक्ष कोणी पाहिलेलं नाही, पण नियम मात्र चोख पाठ!

"मग मी जातो बाहेर. दार उघडा."

"एकट्याने नाही जायचं हं, आजोबा. तुमचा जबाबदार माणूस येऊ दे घ्यायला."

हाही नियम त्यांचाच!

"बरं, फोन तरी द्या."

"देते ना! घरचा नंबर सांगा."

साहेबांनी तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं! घरचा नंबर? तो फोनमध्ये 'घर' या नावाने होता.

"बायकोचा?"

तो 'बायको' या नावाने होता.

"काही हरकत नाही," सेविका गोड आवाजात म्हणाली आणि तिने स्मरणशक्तीचे प्रश्न सुरू केले. हेही प्रत्येक नव्या आजोबांसाठी सक्तीचं! "मुलं किती?"

"एक मुलगी."

"किती छान! काय करते?"

"शिकते. बारावीला असेल... की झाली बारावी? थांबा हं. परवाच तर आमच्या घरी कसलेसे पेढे... नव्हे, केक कापला होता..."

सेविकेने मान तिरकी करून इतक्या प्रेमाने पाहिलं, की साहेबांना रडू कोसळायचं बाकी होतं. तिने त्यांच्या कोटाला एक पिवळं फूल टोचलं. पिवळं फूल म्हणजे 'स्मरणशक्ती कमजोर, विशेष प्रेम द्यावे'.

मग विशेष प्रेम सुरू झालं! त्यांना एका मऊ खुर्चीत बसवण्यात आलं. दिसायला इतकी देखणी खुर्ची, की साहेबांनी फोटोवरूनच पसंत केली होती. तिला हात नव्हते, आणि ती इतकी खोल होती की तिच्यात बसणं म्हणजे दलदलीत पाय टाकणं. गुडघे कानाशी आले! उठायला धरावं तर हवेशिवाय काही नाही. सगळ्या हॉलभर म्हातारी माणसं अशीच अर्धी बुडालेली. फक्त डोकी वर.

"लाल चेंडू शेजाऱ्याला द्या! हसा! पुन्हा घ्या! हसा!"

शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. केस घट्ट बांधलेले, नजर अशी की चेंडूसुद्धा सरळ बसावा. त्यांनी चेंडू साहेबांच्या मांडीवर आदळला.

"नवीन का?"

"बाई, मी या खात्याचा संचालक आहे. खरंच!"

"असाल. मी हजार मुलांची शाळा चालवली. ते जज्जसाहेब, त्यांनी मोठमोठे खटले निकालात काढले. इथे सगळ्यांनाच 'किती छान' म्हणतात. काल मी मुद्दाम सांगितलं, मी अस्वल आहे. तरीही किती छानच!"

"तुम्हाला राग नाही येत?"

"येतो ना. पण रागवायचं कोणावर? ती पोरगी बिचारी हसतेच आहे. राग गिळून गिळून माझं पोट बिघडलंय. आणि इथलं ते लांबलचक बोळाच्या टोकाचं स्वच्छतागृह! ज्याने बांधलंय ना, त्याला एकदा घाईची वेळ यायला हवी!"

 साहेबांना आत्ता तीच वेळ आली होती! स्वच्छतागृह दर्शनी भागात नको, फोटोत वाईट दिसतं, असं त्यांनीच नकाशावर लाल पेनने लिहिलं होतं. दोन सेविकांनी मिळून त्यांना खुर्चीतून उपसून काढलं. त्या लांबलचक बोळातून शिशाच्या जाकिटासह साहेब निघाले. टोकाला दोन दारं. एकावर त्रिकोण, एकावर वर्तुळ. फार आधुनिक! पिवळ्या चष्म्यातून दोन्ही भजीसारखी... नव्हे, दोन्ही ढेकळासारखी दिसत होती. पुढचं सविस्तर सांगत नाही. एवढंच सांगतो की वर्तुळातून एक आजी ओरडत बाहेर आल्या, आणि साहेब परतले तेव्हा त्यांचा चेहरा पूर्वीचा राहिला नव्हता.

इकडे फोटोग्राफर काय करत होता? त्याने चौकात खूप शोधलं. मग साहेब पुढे गेले असतील म्हणून चहा प्यायला बसला. पिशवीतला साहेबांचा फोन वाजला. उपसंचालक!

"हॅलो साहेब, कुठे आहात? मंत्री निघाले!"

"मी फोटोग्राफर बोलतोय. साहेब म्हातारे झाले आणि हरवले!"

"भर दुपारी पिऊन बोलतोस? लाज नाही वाटत?" उपसंचालकांनी फोन आपटला.

केंद्रात साहेब डोकं धरून बसले होते. आणि अचानक त्यांच्या डोक्यात एक नंबर घणघणला! लहानपणी शाळेत पाठ करून घेतलेला, आप्पांच्या खालच्या खोलीतल्या जुन्या फोनचा. तो फोन काढून टाका म्हणून ते किती वर्षं आप्पांच्या मागे लागले होते!

"ताई! नंबर आठवला!"

फोन लागला. कानात बोळे आणि फोनचा आवाज बारीक, त्यामुळे साहेब जिवाच्या आकांताने ओरडत होते.

"आप्पा, मी बाळ्या! मला न्यायला या!"

पलीकडून काहीतरी आलं.

"मोठ्याने बोला आप्पा! ऐकू येत नाही!"

"मी मोठ्यानेच बोलतोय!" हे मात्र बोळे फोडून आत शिरलं. "तू बहिरा झालास का मेल्या? आहेस कुठे?"

"आनंदसंध्येत! मला सोडत नाहीत!"

 पलीकडून असा हसण्याचा गडगडाट आला, की सेविकेने साहेबांच्या कानाशी धरलेला फोन दूर नेला.

आप्पा काठी टेकत, चालत आले. खुर्च्यांमधून फिरत प्रत्येक म्हाताऱ्यापुढे थांबले आणि साहेबांपुढे येऊन म्हणाले, "हा कोट माझा. म्हणजे आत तूच असणार."

"आप्पा, चला लवकर!"

"चल की. ए पोरी, हा माझा मुलगा. मी याला घेऊन चाललो."

सेविका आधी आप्पांकडे, मग पांढऱ्याशुभ्र दाढीच्या साहेबांकडे बघत राहिली. बापाच्या डोक्यावर निम्मे केस काळे, आणि मुलगा बापापेक्षा दहा वर्षांनी थोर!

"तुमचा मुलगा! हो का! किती छान!" आणि मग जरा काळजीने, "पण आजोबा, जबाबदार माणूस पासष्टच्या आतला लागतो."

"का? पासष्टनंतर जबाबदारी सांडते?"

"तसा नियम आहे. आणि तुम्हाला घ्यायला कोण येणार?"

"मला? मी चालत आलोय."

"एकटे? अरे बापरे!" असं म्हणत तिने आप्पांच्या सदऱ्यालाही एक फूल टोचलं, आणि काही कळायच्या आत त्यांना साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत ढकललं. आप्पा गुडघ्यांसकट बुडाले.

बाप-लेक शेजारी शेजारी. नुसती डोकी वर.

"बाळ्या," आप्पा शांतपणे म्हणाले, "हे नियम करणारा गाढव कोण?"

साहेबांनी पिवळ्या चष्म्यातून छताकडे पाहिलं.

"आणि पोरगी बारावीला आहे म्हणून सांगितलंस, असं ती सेविका मघाशी दारात म्हणत होती. अरे, नोकरीला लागून तिला सहा महिने झाले! केक कापला तो कशाचा होता मग?"

साहेबांची दाढी थरथरली. गोंद पक्का होता म्हणून, नाहीतर तीही लाजेने गळून पडली असती!

"आता काय करायचं आप्पा?" हा प्रश्न त्यांनी आयुष्यात बऱ्याच वर्षांनी विचारला होता.

उत्तर मुख्याध्यापिकाबाईंनी दिलं. "काय हो संचालक, नियमात 'एकट्याने जाऊ नये' असंच आहे ना? की 'जाऊच नये' असं आहे?"

साहेबांनी आठवून पाहिलं. "एकट्याने."

"जज्जसाहेब?" बाईंनी विचारलं.

पलीकडच्या खुर्चीतून एक डोकं हललं. "अर्थ स्पष्ट आहे. दुकट्याने जायला हरकत नाही."

मग बाईंनी अशी एक टाळी वाजवली, की सगळा हॉल सरळ झाला. एकमेकांचे हात धरून, ओढून, ढकलून, माणसं त्या दलदलीतून वर येऊ लागली. कोणाचा गुडघा कुरकुरला, कोणाची कवळी खाली पडली, जज्जसाहेब दोनदा परत आत पडले. शेवटी सगळी जोडीजोडीने दाराशी उभी! बाई सेविकेला म्हणाल्या, "आम्ही फिरायला चाललोय."

"पण... एकट्याने..."

"एकटे कुठे? आम्ही सगळे आहोत!"

सेविकेने विचार केला. वाद तर घालायचा नव्हता. तिने बटण दाबलं. "हो का! किती छान!"

दार उघडलं! चौकात तोच हिरवा माणूस पळून गेला, पण जज्जसाहेबांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून असा हात वर केला, की बस, मोटारी आणि एक रोलरसुद्धा जागच्या जागी थांबला. सगळ्यांत मागे संचालकसाहेब, एका बाजूने आप्पांनी धरलेले. "उचल पाय! तुझ्या वयाचा असताना मी भिंतीवरून उड्या मारत होतो!"

वरात... म्हणजे मिरवणूकच म्हणा, थेट थिएटरच्या पायऱ्यांवर पोचली. आप्पांचे दोस्त वाटच बघत होते. आप्पांनी पाटीला टोपी अडकवली, साहेबांच्या अंगावरचा आपला कोट उतरवला आणि पाठीमागचे बक्कल सोडायला घेतले. जाकीट निघालं, बोळे निघाले, चष्मा निघाला. दाढी तेवढी राहिली. साहेब पायरीवर बसले. दगडी, कडक, सरळ पायरी! तिच्यावरून उठायला पुढच्या पायरीचा आधार होता. फारच सोयीची चीज!

पत्ते वाटले गेले. साहेबांनी पहिलंच पान चुकीचं टाकलं.

"अरे गाढवा!" आप्पांचा दोस्त कडाडला. "हुकुमाचं पान टाकतात का इथे? डोकं घरी ठेवून आलास? कुठला रे तू?"

"मी संचालक आहे," साहेब सवयीने म्हणाले.

"खोटं बोलू नकोस! संचालक एवढा बावळट नसतो!"

मंडळी, तुम्हाला खरं वाटणार नाही, पण साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून पहिल्यांदा कोणीतरी त्यांचं बोलणं ऐकून खोडून काढलं होतं! त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी बाह्या सरसावल्या आणि ते दोस्ताशी कडकडून भांडले. शेजारच्या पायरीवर मुख्याध्यापिकाबाई जज्जसाहेबांना एका जुन्या निकालावरून फैलावर घेत होत्या. जज्जसाहेब लालबुंद झाले होते आणि दहा वर्षांनी लहान दिसत होते.

"आप्पा," डाव संपल्यावर साहेब हळूच म्हणाले, "मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"पान टाक," आप्पा म्हणाले. पण म्हणताना त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला.

त्याच वेळी केंद्रात मंत्र्यांची गाडी थांबत होती! उपसंचालक हॉलमध्ये शिरले. सगळ्या खुर्च्या रिकाम्या! संचालक नाहीत, ज्येष्ठ नाहीत, सेविका म्हणते फिरायला गेले, किती छान! पण उपसंचालक हा माणूस वाया जाणारा नव्हता. त्यांनी ऑफिसातले झाडून सगळे कारकून बोलावले, त्यांना खुर्च्यांत बसवलं आणि प्रत्येकाच्या मांडीवर शाल... छे, चादर टाकली.

मंत्र्यांनी फीत कापली. जवळच्या खुर्चीवर वाकून त्यांनी प्रेमाने विचारलं, "कसं वाटतं आजोबा इथे?"

खुर्चीत आस्थापना शाखेचा कारकून होता. वय बेचाळीस. तो मनापासून म्हणाला, "फार सुख आहे साहेब! दिवसभर काही कामच नाही, आणि बसलं की उठवत नाही!"

"आणि ऑफिसपेक्षा चांगलं?"

"ऑफिसातही असंच आहे. पण इथल्या खुर्च्या मऊ आहेत!"

मंत्री गहिवरले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्याच पानावर बातमी : 'आनंदसंध्येचा चमत्कार! आठवडाभरातच ज्येष्ठ दिसू लागले तरुण!' उपसंचालकांची पाठ थोपटली गेली, आणि असंच केंद्र प्रत्येक शहरात उघडायचं ठरलं.

संचालकसाहेबांची दाढी दोन दिवसांनी निघाली, तीही गालाचा थोडा भाग सोबत घेऊन. त्यांनी ऑफिसचं दार आतून बंद केलं, एक टिपण लिहिलं आणि वर मंत्र्यांकडे पाठवलं. त्यात म्हटलं होतं की केंद्राचे नियम पहिल्यापासून पुन्हा करावेत, आणि ते करणाऱ्या समितीवर म्हातारी माणसंच असावीत.

वरून उत्तर झटपट आलं. आप्पा थिएटरच्या पायऱ्यांवर वाटच बघत होते.

"काय रे? मान्य झालं का?"

"झालं. समिती नेमली," साहेब पायरीवर बसत म्हणाले. "पण सभासद तडफदार हवेत म्हणून पन्नाशीच्या आतलेच घेतलेत."

"मग तू तरी आहेस ना त्यात?"

साहेबांनी गालावरची पट्टी चाचपली.

"नाही हो आप्पा. म्हणाले, तुमचं आता वय झालं."